आयआय पेगासी: प्रकाशवक्राचा माथा सपाट, आवर्तकाळ दोन

दुर्बीणवाला:
८० मिमी अपवर्तक दुर्बीण (एफ/६), मोनो सीमॉस कॅमेरा, व्ही (हिरवट-पिवळा) फिल्टर. आयआय पेगासी या डागाळलेल्या जोडताऱ्याच्या (फिरताना डाग समोर आले की तेज घटतं) रोज ३० सेकंदांच्या दहा फ्रेम, अशा ३४ रात्री. डार्क-फ्लॅट (कॅमेरा-दुर्बिणीचे दोष काढणाऱ्या फ्रेम) लावले आहेत, तेज ताडून पाहायला तुलना तारा एकच. बदल सुमारे ०.२ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, मॅग्निट्यूड) दिसतोय, पण महत्तम तेजाजवळ वक्र सपाट होतो आणि बिंदू ०.०३ ने विखुरलेत. पिरियडोग्राममध्ये (कोणता आवर्तकाळ किती जुळतो याच्या आलेखात) ६.७ आणि १.१७ दिवस अशी दोन शिखरं जवळपास सारख्याच उंचीची आहेत. खरा आवर्तकाळ कोणता? आणि या वक्रावरून डागाचा आकार, तापमान काढता येईल का?

प्रतमापी:
आधी सपाट माथ्याचं बघू. साडेसात प्रतीचा तारा ८० मिमीच्या भिंगातून, व्ही फिल्टर लावून, सेकंदाला ढोबळमानाने वीस हजार इलेक्ट्रॉन देतो. म्हणजे ३० सेकंदांत सहा लाख. फोकस नेमका असेल तर त्यातला दहावा हिस्सा मधल्या एकाच पिक्सेलवर पडतो. साठ हजार इलेक्ट्रॉन बहुतेक सीमॉस पिक्सेलमध्ये मावत नाहीत, आणि भरण्याच्या थोडं आधीच प्रतिसाद सरळ रेषेत राहत नाही. तारा जितका उजळ तितकं जास्त सांडतं, म्हणून माथा कापला जातो.

खात्री करायला ताऱ्याची मोजलेली प्रत आणि त्या फ्रेममधली प्रतिमेची रुंदी यांचा आलेख काढा. हवा खराब, प्रतिमा पसरट असताना तारा उजळ येत असेल तर दोष संपृक्ततेचा, म्हणजे पिक्सेल भरून जाण्याचा. असा संबंध दिसला नाही तर सपाटपणा खराही असू शकतो: विषुववृत्ताजवळचा डाग अर्धं परिवलन मागच्या बाजूला असतो, तेवढा वेळ तेज बदलतच नाही.

उपाय म्हणून एक्सपोजर कमी करू नका. इतक्या लहान भिंगाला २ सेकंदांत ताऱ्याच्या लुकलुकण्यामुळेच ०.०१ प्रतीची चूक येते, ३० सेकंदांत ती ०.००३ वर उतरते (तारा डोक्यावर असताना). त्याऐवजी फोकस बिघडवा. प्रतिमा १०-१२ पिक्सेल रुंद करा, ॲपर्चर (प्रकाश मोजायचं वर्तुळ) त्याच मानाने मोठं घ्या आणि शेजारचा तारा त्यात येत नाही ना हे पाहा. फोकसरची ती जागा लिहून ठेवा, रोज तीच वापरा.

तुलना तारा एकच ठेवणं धोक्याचं आहे. तोच बदलत असेल तर कळणार कसं? एक तपासणी तारा घ्या. तुलना वजा तपासणी हा फरक महिनाभर ०.०१ च्या आत राहिला पाहिजे. दोघेही नारिंगी, बी−व्ही (निळ्या बी आणि व्ही फिल्टरमधल्या प्रतींचा फरक, म्हणजे रंग) १ च्या आसपासचे निवडा. पांढरा तुलना तारा घेतला तर बी फिल्टरमध्ये तारा क्षितिजाकडे झुकताना ०.०२ पर्यंत खोटा उतार येतो. व्हीमध्ये हा त्रास नगण्य.

केप्लरपंथी:
१.१७ दिवस ही रोज एकाच वेळी निरीक्षण केल्याची सावली आहे. १ ÷ ६.७२ = ०.१४९; दिवसाला एक निरीक्षण, म्हणून १ − ०.१४९ = ०.८५१, त्याचा व्यस्त १.१७५. दुसरी सावली (१ + ०.१४९ चा व्यस्त) ०.८७ दिवसांवर असेल, तीही पाहा. या ताऱ्याचा कक्षाकाळ ६.७२ दिवस आहे आणि भरती-बलाने परिवलन त्याच्याशी जखडलेलं आहे, त्यामुळे इथे शंका नाही.

अनोळखी ताऱ्याला मात्र हा आधार मिळत नाही. तेव्हा वक्राच्या उतरत्या भागात एक रात्र सलग सहा तास द्या. बदल ०.२ प्रतीचा असेल तर १.१७ दिवसांच्या ताऱ्यात ०.१२ चा फरक दिसेल, ६.७ दिवसांच्या ताऱ्यात जेमतेम ०.०२.

३.३६ दिवसांवर शिखर आलं तर घाबरू नका, दोन डागसमूह समोरासमोरच्या रेखांशांवर असले की असं होतं. आणि पुढे तीन-चार महिन्यांचा विदा (डेटा) जमला तरी एकत्र घडी घालू नका, म्हणजे सगळी परिवलनं एकावर एक ठेवू नका. डाग बदलतात, सरकतात. चार परिवलनं, म्हणजे साधारण २७ दिवसांचे तुकडे करा.

प्रतमापी:
आता आकार आणि तापमान. एका फिल्टरवरून दोन्ही मिळत नाहीत: लहान-गार डाग आणि मोठा-कोमट डाग व्हीमध्ये तोच खड्डा पाडतात. रेखांश मात्र लघुत्तम तेजाच्या क्षणावरून छान कळतो. अक्षांश जवळजवळ नाहीच. ध्रुवावरचा डाग कायम समोर असतो, तो फक्त सरासरी तेज खाली ओढतो. शिवाय बिनडागाची प्रत किती हेच माहीत नसतं, म्हणून मिळतं ते क्षेत्रफळ नव्हे, दोन बाजूंमधला फरक. एआर लॅसर्टीसारख्या ग्रहणकारी जोडीत जोडीदार चकतीवरून सरकताना डाग झाकतो, तिथे जागा जरा नेमकी कळते.

तापमानासाठी दोन फिल्टर लागतातच. पृष्ठभाग ४६०० केल्विन, डाग ३६०० धरा आणि त्याने चकतीचा २० टक्के भाग व्यापलाय असं माना. कृष्णिका-सूत्राने (तापमानावरून प्रकाश काढणाऱ्या आदर्श सूत्राने) खड्डा येतो: बीमध्ये ०.२१, व्हीमध्ये ०.१९, आयमध्ये (अवरक्ताजवळचा फिल्टर) ०.१६ प्रत. हा ढोबळ हिशोब आहे, खऱ्या कामाला ताऱ्याच्या वातावरणाची प्रारूपं आणि कडेची काळोखी (चकती कडेला मंद दिसणं) घ्यावी लागते.

दुर्बीणवाला:
आय फिल्टर नाही, बी आहे. चालेल?

प्रतमापी:
वरचेच आकडे बघा. व्ही−आय रंग ०.०३ ने बदलतो, बी−व्ही जेमतेम ०.०२ ने. तुमचा विखुरलेपणा ०.०३ आहे, त्यात दोन्ही बुडतील. आधी तो ०.००५ वर आणा, मग आय घ्या. बीमध्ये ज्वालांचा (ताऱ्यावरच्या अचानक उफाळ्यांचा) उपद्रवही जास्त, आणि हा तारा ज्वालांसाठी प्रसिद्ध आहे. दहा फ्रेमची सरासरी आंधळेपणाने घेऊ नका. एखादी मालिका झपकन चढून हळू उतरत असेल तर ती डागांच्या हिशोबातून वेगळी काढा.