१४ किलो गेले, १२ परत आले. आता कुठून सुरू करू?

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, परवा ब्लाऊजने निकाल लावला.

मी नाशिकची, सिडकोत राहते. वय ४३, उंची ५ फूट २ इंच, एका शाळेच्या ऑफिसात बैठं काम. दोन वर्षांपूर्वी वजन ८१ होतं. भाच्याचं लग्न ठरलं आणि मी मनावर घेतलं. सकाळ-संध्याकाळ वजन उतरवायचा शेक, दुपारी एक पोळी, भाजी आणि काकडी. भात बंद, साखर बंद, पितृपक्षातली खीरसुद्धा नको म्हटलं. पाच महिन्यांत ६७! लग्नात जो तो विचारत होता, "अगं, केलंस काय?" खोटं कशाला बोलू, छान वाटायचं. सगळे ब्लाऊज आत घेतले.

लग्न झालं, शेक थांबवले (महिन्याचा खर्चही झेपेना) आणि पहिल्या पंधरा दिवसांतच ३ किलो परत. पुढचे हळूहळू आले. वावगं काही खाल्लं नाही, निदान मला तरी तसं वाटतं. आता काटा ७९ वर.

परवा वास्तुशांतीला जायचं म्हणून तेच ब्लाऊज घेऊन शिंपीणबाईंकडे गेले. त्यांनी शिवण उलटी करून दाखवली. आत दोन्ही बाजूंना बोटभर माया तशीच दुमडलेली. म्हणाल्या, "कापली नव्हती ताई. सगळ्यांचीच वजनं परत येतात." चिडू की हसू कळेना.

तर प्रश्न असा. मला भूक आता पहिल्यापेक्षा जास्त लागते. ८१ असतानाही मी रात्री अकराला फ्रीज उघडत नव्हते. आता ओटा आवरताना पातेल्यातला भात, मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, वाटीतळाची आमटी, सगळं उभ्या उभ्या पोटात जातं. नवरा म्हणतो, जिभेवर ताबा नाही. खरंच एवढंच असतं का? आणि असं काय करू, जे कुणाचं लग्न नसतानाही चालू राहील? सकाळी सातला शाळा, त्यामुळे कृषीनगरच्या ट्रॅकला जाणं जमत नाही. सासूबाईंना मधुमेह, मुलगा बारावीला. स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक होणार नाही. नवीन डाएटचं नाव मात्र सुचवू नका, प्लीज.

इंदिरानगरकर: आधी टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या. पाळीत काही बदल असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. काही औषधांनीही वजन वाढतं, स्टिरॉइड हे त्यातलं एक. असं काही चालू असेल तर विचारा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

रोखठोक: कमी खा, जास्त चाला. एवढं काय अवघड आहे त्यात?

मखमलाबादची: रोखठोक, कमी खाऊनच त्यांचे १४ उतरले होते. प्रश्न टिकवण्याचा आहे.

ताई, पुढचं नवऱ्याला वाचून दाखवा. पहिल्या पंधरवड्यातले ३ किलो म्हणजे सगळी चरबी नव्हे, बरंचसं पाणी. उपाशी राहिलं की स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपतो. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, ते उतरतं आणि नीट जेवायला लागलं की परत भरतं. शेकवाले पहिल्या आठवड्यात "बघा, गेले तीन किलो" म्हणून टाळ्या घेतात ते ह्याच पाण्यावर.

भुकेचं म्हणाल तर, मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. पन्नास जणांना दहा आठवडे अगदी तुटपुंज्या आहारावर ठेवलं, सरासरी साडेतेरा किलो उतरले. म्हणजे जवळजवळ तुमच्याएवढेच. वर्षभरानंतर पाहिलं तरी भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन उतरलेलंच होतं. शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय, ते साठवायला बसतं. त्यात शरीर लहान झालं की खर्चही कमी होतो. ८१ किलोच्या बाईला पुरणारं जेवण ६७ च्या बाईला जास्त होतं, आणि नेमकं तेव्हाच भूक वाढलेली. जिभेला कशाला दोष द्यायचा?

माझं सांगते. दीड वर्षात ९ उतरवले, तीन वर्षं धरून आहे (मध्ये एकदा दोन चढले, ते उतरवायला चार महिने गेले). पोळ्या मोजल्या नाहीत, ताटातल्या जागा बदलल्या. आधी वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ आणि कोशिंबीर, मग पोळी. पातळ वरणात पाणीच जास्त, प्रथिनं त्यामानाने कमी. त्यामुळे मी घट्टच करते, वर एखादं अंडं नाहीतर मूठभर फुटाणे. हे सासूबाईंनाही चालेल, पण त्या शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असतील तर त्यांची पोळी एकदम कमी करू नका, डॉक्टरांना विचारून करा.

आणि उरलेलं अन्न. ही आपल्या बायकांची जुनी खोड, वाया नको म्हणून आपण केराची टोपली व्हायचं. माझ्याकडे आता आपण ताटावर बसायच्या आधी उरलेलं डब्यात जातं. सकाळी त्याचीच फोडणीची पोळी किंवा फोडणीचा भात, तोच नाश्ता. वाया काहीच जात नाही आणि रात्रीचं ते चौथं जेवण बंद.

मिसळ सोडली नाही. नाशकात राहून ती सोडायची म्हणजे दुसऱ्या महिन्यात बांध फुटणार. मटकी जास्त, शेव कमी, पाव एक.

सातपूर_सेकंड_शिफ्ट: झोप किती होते? मला रात्रपाळीत भूक वेड्यासारखी लागायची. चालण्याबरोबर ताकदीचा व्यायामही करा, भराभर वजन उतरताना स्नायूही जातात. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीवर दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, आठवड्यातून दोनदा पुरे. चालणं एकदम तासभर हवं असंही नाही, रात्री जेवून कॉलनीत १५-२० मिनिटं.

माझ्या बहिणीला वजन उतरवायच्या इंजेक्शनांचा मोह पडला होता. डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपयोग होतो, पण त्यातल्याच सेमाग्लुटाइड ह्या औषधाच्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात लोकांचं उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं. म्हणजे आपला प्रश्न तिथेही आहेच.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. रिपोर्ट आले. थायरॉईड ठीक, एचबीए१सी ५.९, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, ६७ विसरा, सहा महिन्यांत ४ किलो बघा, साखरेलाही त्याचा फायदा होईल. ऐकून आधी निराश झाले, मग खूप हलकं वाटलं. उरलेल्याचा डबा सोमवारपासून सुरू केलाय. पहिल्या रात्री सवयीने हात पातेल्याकडे गेलाच, तर मुलगा म्हणाला, "आई, डबा!"

ब्लाऊज उसवायला टाकलेत. घट्ट कपड्यांत सहा महिने कशाला काढू?

एक राहिलंच, संकष्टीचं काय करू? दिवसभर साबुदाणा खिचडी आणि बटाट्याचा कीस, रात्री मोदक. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी काटा बघवत नाही.

मखमलाबादची: काटा आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, आणि संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी तर नकोच. खिचडीऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, बरोबर ताक. मोदक खा. सात नको.