पन्नाशीनंतर काळाभोर रंग चेहऱ्याला जड दिसतो, कुठली छटा घ्यावी? मदत हवी आहे

अबोली_५४

वय 54, वर्ण गव्हाळ, केस खांद्यापर्यंत. समोर आणि कानशिलांवर जवळजवळ सगळे पांढरे, मागे निम्मे. पाण्यात कालवायचा काळा पावडर डाय दर तीन आठवड्यांनी लावते. हल्ली त्या काळ्या रंगाने चेहरा ओढलेला दिसतो, डोळ्यांखालची वर्तुळं उठून दिसतात आणि दहाव्या दिवशी भांगात पांढरी रेघ येते. ब्राऊनकडे वळायचं आहे, पण खोक्यांवरचे 3, 4, 5.3, 6.35 हे आकडे कळत नाहीत. काळ्यावर थेट ब्राऊन लावला तर चढेल का? मार्गशीर्षात घरात लग्न आहे, हाताशी तीन महिने आहेत. गेल्या दोन वेळा डायनंतर कपाळाच्या कडेला आणि कानामागे खाज आली, दोन दिवसांत गेली. तेही डायमुळेच का?

रंगपेटी

अबोलीताई, आधी काळा जड का दिसतो ते. वयानुसार त्वचेचा रंग थोडा फिका आणि कमी एकसारखा होतो, भुवया विरळ होतात. केस मात्र विशीतल्यापेक्षाही काळे, कारण डायचा काळा निळसर झाक असलेला आणि मुळापासून टोकापर्यंत एकच असतो. खऱ्या काळ्या केसांतही दहा छटा असतात. त्या निळसर काळ्याशेजारी चेहऱ्यावरची प्रत्येक सावली गडद होते. शिवाय काळे केस आणि त्याखालची उजळ टाळू यांत इतका फरक पडतो की भांग रुंद आणि केस विरळ वाटतात. रंग दोन पायऱ्या हलका केला की ही दोन्ही दुखणी कमी होतात.

आकड्यांचं म्हणाल तर टिंबाआधीचा आकडा गडदपणा सांगतो: 1 म्हणजे काळा, 10 म्हणजे अगदी फिका सोनेरी. आपले नैसर्गिक केस बहुधा 2 किंवा 3 असतात. टिंबानंतरचा आकडा म्हणजे झाक. बऱ्याच कंपन्यांत .1 राखी, .3 सोनेरी, .4 तांबूस, .5 महोगनी, पण हे सगळीकडे सारखं नसतं, खोक्याची मागची बाजू वाचा. गव्हाळ वर्णाला 4 योग्य, फार तर 5. राखी झाक गव्हाळ चेहऱ्याला मातकट करते, आणि 6 च्या पुढे गेलात तर भुवयांशी मेळ बसत नाही.

झाक ओळखायला खर्च नको. सकाळी खिडकीशी, तोंडाला काही न लावता, आधी काळी ओढणी हनुवटीखाली धरा, मग चॉकलेटी, मग विटकरी. नाकाच्या बाजूच्या रेघा आणि डोळ्यांखालचा भाग तेवढा पाहा. जिथे त्या रेघा मवाळ होतात, ती तुमची दिशा. ट्यूबलाइटखाली हे करू नका, सगळंच निळसर दिसतं.

आता काळ्यावर ब्राऊन. नाही चढत. डाय डायला हलका करत नाही. सगळ्या केसांना ब्राऊन लावलात तर नवी आलेली पांढरी मुळं उजळ ब्राऊन होतील आणि लांबी काळीच राहील. ब्राऊन फक्त मुळांना लावायचा.

सोनटक्का

छटेचं नंतर बघू. ताई, ती खाज ही यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. काळ्या डायमधला पीपीडी (पॅराफेनिलीनडायअमाईन, रंग देणारं रसायन) हा अ‍ॅलर्जी देणारा घटक, आणि ती बहुधा अशीच सुरू होते: वर्षानुवर्षं काही नाही, मग कडेला खाज, पुढच्या वेळी पापण्या सुजतात, कधी टाळूतून पाणी येतं. एकदा शरीराने हा घटक ओळखला की तो विसरत नाही, पुढच्या वेळी त्रास वाढू शकतो. कृपा करून तो डाय आजपासून बंद करा.

ब्राऊनच्या ट्यूबकडेही लगेच वळू नका. ‘अमोनिया नाही’ याचा अर्थ पीपीडी नाही असा होत नाही. अमोनियाच्या जागी दुसरा अल्कली असतो, रंग देणारं रसायन बहुधा तेच. ज्यात पीपीडीऐवजी त्याचा भाऊबंद टोल्युइन डायअमाईन असतो, त्यावरही पीपीडीची अ‍ॅलर्जी असलेल्या अनेकांना त्रास होतो. ‘काळी मेंदी’ नावाच्या पाकिटांतही बहुधा पीपीडी असतो, नाव मेंदीचं असलं तरी.

एरवी नवा डाय कानामागे थोडा लावून 48 तास बघायचं असतं. तुम्हाला खाज येऊन गेली आहे, म्हणून घरी ही चाचणी करू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट होते, त्यात नेमका घटक कळतो.

अबोली_५४

हे ठाऊक नव्हतं, डाय बंद. तपासणीची वेळ घेते. मग उरली मेंदी, पण मेंदीने पांढरे केस केशरी होतात. त्यापेक्षा काळे परवडले.

कात_आवळा

नुसत्या मेंदीने केशरीच होणार. मेंदीतला लॉसोन हा रंग केसांच्या केराटिन या प्रथिनाला धरतो आणि त्याचा रंगच तांबडा-केशरी आहे. पांढऱ्या केसात खाली झाकायला काही नसतं, म्हणून तो उघडा दिसतो. कात, चहा यांनी थोडा गडद होतो, ब्राऊन होत नाही. ब्राऊन हवा तर त्यात निळा घालावा लागतो, म्हणजे नीळ.

नीळ म्हणजे कपड्यांची नव्हे. निळीच्या झाडाच्या वाळलेल्या पानांची हिरवट पावडर, ‘इंडिगो’ नावाने मिळते. पाकिटावर घटक एकच असावा. मेंदीचंही तसंच: फक्त मेंदीची पानं. पिक्रामेट हा शब्द दिसला तर परत ठेवा, तो रासायनिक लाल रंग आहे.

दोन-अडीच सेंटिमीटर मुळांसाठी मेंदी 35 ग्रॅम, नीळ 55 ग्रॅम. मेंदी रात्री कोमट चहाच्या पाण्यात आणि चमचाभर लिंबाच्या रसात भिजवा, स्टील किंवा काचेच्या भांड्यात. लोखंडी कढई नको. लोखंडाने रंग गडद होतो खरा, पण पुढे पार्लरमध्ये ब्लीच करायचं ठरलं तर केसांत राहिलेले धातूचे क्षार त्रास देऊ शकतात. सकाळी नीळ वेगळ्या भांड्यात फक्त कोमट पाणी आणि चिमूटभर मीठ घालून कालवा. नीळीत लिंबू अजिबात नको, आंबटपणाने तिचा रंग नीट चढत नाही. पंधरा मिनिटांत वरचा थर निळसर-काळा व्हायला लागला की तयार. मग दोन्ही एकत्र, इडलीच्या पिठापेक्षा जरा घट्ट. नीळ भिजवून ठेवता येत नाही, तासाभरात जोर उतरतो. बहुतेकांचं इथेच फसतं: दोन्ही रात्री भिजवतात आणि सकाळी केशरी केस घेऊन बसतात.

केस आदल्या दिवशी धुतलेले, तेल न लावलेले हवेत. सुरुवात कानशिलांपासून करा, तिथले पांढरे केस राठ असतात आणि रंग उशिरा धरतात. जाड थर, वर प्लॅस्टिकची टोपी, दोन ते तीन तास. नुसत्या पाण्याने धुवा, 48 तास शाम्पू नाही. पहिल्या दिवशी हिरवट छटा दिसते, घाबरू नका. हवा लागून दोन दिवसांत ब्राऊन स्थिरावतो.

फार तांबूस वाटला तर पुढच्या वेळी नीळ 70 ग्रॅम करा. पण आधी कंगव्यातले पांढरे केस जमवून दोऱ्याने बांधा आणि त्या बटीवर मिश्रण लावून बघा. मेंदी-नीळही पहिल्यांदा हाताच्या कोपराच्या आत लावून 48 तास थांबा. आणि घरात कुणाला जी६पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल तर त्यांना मेंदी लावू नका, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो.

रंगपेटी

कृती पक्की आहे. एक भर: मेंदी-नीळीच्या केसांवर ब्लीच चालवलं तर नीळ कधी कधी हिरवी पडते. ही वाट धरलीत तर फिक्या हायलाइट्सचा विचार सोडा.

राहिली काळी लांबी. ब्लीचने काळा काढायचा प्रयत्न नको. वर्षानुवर्षं चढलेला काळा एका बैठकीत निघत नाही, नारिंगी पट्टे पडतात आणि वयाने कोरडे झालेले केस तुटतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे लग्नापर्यंत तीनेक. तेवढ्यात मुळाशी ब्राऊन, खाली काळा अशी रेघ दिसेलच. ती लपवायला भांग सरळ न पाडता बाजूला, किंचित नागमोडी पाडा. आणि लांबी हनुवटीपर्यंत आणा. काळा जितका कमी उरेल तितका चेहरा मोकळा. भुवयांना डोक्याचा कुठलाही रंग लावू नका, भुवयांची तपकिरी पेन्सिल पुरेशी आहे.

ज्यांना खाज नाही आणि चाचणी नीट आली आहे, त्यांच्यासाठी: पांढऱ्यांवर नुसता 4.3 पातळ, भडक चढतो. अर्धा 4 आणि अर्धा 4.3 घ्या, 20 व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्के डेव्हलपर (रंगात मिसळायचं पेरॉक्साइड), प्रमाण ट्यूबवर लिहिलेलं. 10 व्हॉल्यूम राठ पांढऱ्यांत रंग नीट पोचवत नाही. 40 व्हॉल्यूमने झाकणं वाढत नाही, टाळू मात्र जळते.

मोगरा_पुणे

डोकं सत्तर टक्क्यांच्या वर पांढरं असेल तर रंग सोडून देण्याचाही विचार करावा. तुमची कानशिलं आधीच पांढरी आहेत, तिथे पांढरा छान दिसतो. फक्त बोअरच्या पाण्यातल्या लोहाने पांढरे केस पिवळे पडतात. आठवड्यातून एकदा जांभळा शाम्पू, दोन-तीन मिनिटं, जास्त ठेवला तर जांभळी छटा राहते.

अबोली_५४

पूर्ण पांढरं नको वाटतं, निदान लग्नापर्यंत. पॅच टेस्टचा निकाल आल्यावर बटीवर करून बघते. लग्नाआधी किती दिवस लावू?

कात_आवळा

आठ दिवस आधी. दोन दिवस रंग स्थिरावायला, आणि कानशिलांवर कमी चढला तर तिथेच तिसऱ्या दिवशी पुन्हा एक तास लावायला वेळ राहतो. नीळ ताजीच घ्या; ताज्या पावडरीचा रंग वाटाण्याच्या पिठासारखा हिरवट असतो, राखाडी दिसली तर ती जुनी.