मदत हवी आहे : सर्व तपासण्या नॉर्मल, तरीही सासूबाई बऱ्या नाहीत, मानसोपचारासाठी त्यांना कसे तयार करावे?

नमस्कार. आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो. माझ्या सासूबाईंचे वय ६१ असून गेल्या दिवाळीपासून त्यांची काही ना काही तक्रार सुरूच आहे. छातीत धडधडते, हातापायांतले त्राण जाते, डोके जड होते, अन्नावर वासना राहत नाही. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, बी-१२, साखर, हिमोग्लोबिन असे सगळे तपासून झाले आणि प्रत्येक वेळी "रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका" एवढेच ऐकून आम्ही परत आलो. घरातल्या इतरांना त्यामुळे हायसे वाटते. मला तसे वाटत नाही, कारण त्यांना होणारा त्रास खरा आहे आणि तो मी रोज पाहते.

पहाटे साडेतीनच्या सुमारास त्यांना जाग येते आणि मग उजाडेपर्यंत त्या दिवा न लावता स्वयंपाकघरात बसून असतात. सकाळ सर्वांत जड जाते, संध्याकाळी थोड्या मोकळ्या होतात. बुधवारचा गोदाघाटावरचा बाजार त्या कधी चुकवत नसत आणि मेथीची जुडी चारदा उलटीपालटी केल्याशिवाय पिशवीत टाकत नसत, आता म्हणतात, "तुला मिळेल ते आण." उन्हाळ्यात त्यांनी स्वतःहून कुरडयांसाठी गहू भिजत घातला, रोज पाणी बदलले, आणि चीक काढायच्या दिवशी पातेल्याकडे बराच वेळ पाहून "टाकून दे, माझ्याने व्हायचे नाही" म्हणाल्या. दोन्ही मुलींच्या सासरी दरवर्षी कुरडया पाठवणाऱ्या बाईने असे म्हणावे, याला आळस किंवा वय म्हणून सोडून देणे मला पटत नाही.

नात्यातली मंडळी भेटायला येतात तेव्हा हमखास विचारतात, "घर स्वतःचे, मुलगा-सून सोबत, नात मांडीवर, मग तुम्हाला काय कमी आहे?" विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, परंतु हाच प्रश्न सासूबाई आता स्वतःला विचारू लागल्या आहेत, आणि त्याचे उत्तर सापडत नाही म्हणून आपणच कुठेतरी चुकतो आहोत असे त्यांना वाटते. माझ्या समजुतीप्रमाणे नैराश्य येण्यासाठी बाहेरचे कारण असावेच लागते असे नाही, आणि ते अनेकदा रडण्यातून नव्हे, तर झोप, भूक आणि अंगदुखीतून दिसते. नैराश्याच्या प्राथमिक चाचणीसाठी डॉक्टर पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरतात. तिच्यात मागील दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न असतात, आणि त्यांतले झोप, थकवा, भूक आणि हालचालींतला मंदपणा हे चार तर थेट शरीराशीच निगडित आहेत. त्यांच्याजवळ बसून मी ती भरून घेतली. २७ पैकी १० किंवा अधिक गुण आल्यास डॉक्टरांकडून तपासून घ्यावे असे मानतात, आणि त्यांचे गुण त्याहून पुष्कळ अधिक आले. हे निदान नव्हे, याची मला जाणीव आहे.

त्यातला शेवटचा प्रश्न जीव नकोसा होण्याविषयी आहे. तो विचारावा की नाही, याबद्दल मी घाबरले होते. विचारल्याने असे विचार मनात भरवले जात नाहीत, उलट माणूस बोलता होतो, असे वाचले होते म्हणून विचारला. त्या म्हणाल्या, "तसे काही नाही गं, पण सकाळ व्हायला नको वाटते." त्याच दिवशी मी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या चोवीस तास चालणाऱ्या मोफत क्रमांकावर फोन केला. तिकडून मराठीत शांतपणे ऐकून घेतले गेले आणि मानसोपचारतज्ज्ञांना लवकर दाखवा, असे सांगण्यात आले.

अडचण इथून पुढे आहे. डॉक्टरांचा विषय काढला की सासूबाई म्हणतात, "मला काय वेड लागले आहे का?" मोठ्या नणंदबाईंचे म्हणणे असे की, आधी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घ्यावा. तीन दिवसांच्या त्या विधीला माझा अजिबात विरोध नाही, कदाचित त्याने त्यांच्या मनाला आधारही मिळेल. मात्र तो होईपर्यंत उपचार लांबवावेत, हे मला मान्य नाही. पतींना माझे पटते, पण ताईंना दुखावण्याची त्यांची तयारी नाही.

ज्यांनी घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीला अशा उपचारांसाठी तयार केले आहे, त्यांनी पहिले वाक्य काय उच्चारले, हे मला प्रामुख्याने जाणून घ्यायचे आहे. "झोपेच्या डॉक्टरांकडे जाऊ" असे सांगून न्यावे, असे शेजारच्या काकू सुचवतात. परंतु तिथे पोहोचल्यावर त्यांना फसवल्यासारखे वाटले तर पुन्हा कधीच येणार नाहीत, ही मला भीती आहे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच चिठ्ठी दिली तर त्यांचा शब्द त्या मानतील का? तसेच आधी समुपदेशक की थेट मानसोपचारतज्ज्ञ? समुपदेशक औषध लिहून देऊ शकत नाहीत, म्हणून माझा कल दुसऱ्याकडे आहे.

औषधांबद्दल घरात मोठा गैरसमज आहे की, एकदा गोळी सुरू झाली की जन्मभर सुटत नाही. नैराश्यावरील गोळ्या झोपेच्या गोळ्यांसारख्या नसतात, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या मनाने बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या असतात, एवढे मला ठाऊक आहे. ते पहिले आठवडे, जेव्हा फरक दिसत नाही आणि सगळे "बघ, उपयोग नाही" म्हणतात, ते तुम्ही कसे निभावले?

आणखी एक. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे. प्रत्यक्षात कोणाला बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च मिळाला असल्यास जरूर सांगावे.

पंचवटी, गंगापूर रोड किंवा कॉलेज रोड परिसरात, ज्येष्ठांशी घाई न करता बोलणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचा कोणाला अनुभव असल्यास कळवावे. शक्यतो संध्याकाळी दवाखाना असणारे हवेत, कारण सकाळी त्यांना घराबाहेर काढणे सध्या शक्य होत नाही.