बालसंगोपनाची सुनावणी तालुक्याला व्हावी, यासाठी ठराव कसा मांडावा? मार्गदर्शन हवे

नमस्कार. मी विदर्भातल्या कापूसपट्ट्यातल्या एका गावची ग्रामपंचायत सदस्य असून ग्राम बाल संरक्षण समितीतही काम करते.

आमच्या गावातली एक आजी आपल्या दोन नातवंडांना सांभाळते. मुलाने नापिकी आणि कर्जापायी आत्महत्या केली आणि पुढल्याच वर्षी सून आजाराने गेली. क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून दर मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात (२०२३ पूर्वी ते ११०० होते), परंतु त्यासाठी बाल कल्याण समितीचा (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय देणाऱ्या समितीचा) आदेश लागतो आणि समिती बसते जिल्ह्याच्या ठिकाणी. आजी तीनदा जाऊन आली. एकदा अर्जासोबतच्या घरासमोरच्या फोटोत धाकटा नातू नव्हता म्हणून तिला परत पाठवले, तर एकदा अंतिम निकालासाठी किमान तीन सदस्य हजर असावे लागतात, ते त्या दिवशी नव्हते. सोयाबीन बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत ती सगळे कागद जपून ठेवते. मुलाच्या मृत्यूचा दाखला घडीवर फाटत आला आहे, त्याला तिने मागून चिकटपट्टी लावली आहे. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळत असल्याने ज्या दिवशी ती जिल्ह्याला जाते, त्या दिवशी घरात एक रुपयाही येत नाही.

मला सर्वांत जास्त खटकते ते हे, की या घराची खडान्‌खडा माहिती आमच्या अंगणवाडी सेविकेला आहे. अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात, ती एकात्मिक बाल विकास सेवा योजना १९७५ पासून सुरू आहे आणि गावात मुलाजवळ पोचणारी सेविकेइतकी जवळची दुसरी व्यक्ती नाही. पण गावपातळीवर तिचे काम जिल्हा परिषदेकडून चालते आणि संरक्षणाची प्रकरणे जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे असतात, त्यामुळे तिला ठाऊक असलेली गोष्ट समितीसमोर सिद्ध करायला आजीलाच कागद गोळा करत फिरावे लागते. शिवाय मूल सहा वर्षांचे झाले की सेविकेच्या नोंदवहीतून त्याचे नाव निघते. थोरली नात आता नऊ वर्षांची आहे आणि तिची नोंद ठेवणारे गावात कोणीच नाही. हे काम सेविकेवरच टाकायचे असेल तर त्याचा वेगळा मोबदला मिळालाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार एका जिल्ह्यात एकापेक्षा जास्त समित्या नेमता येतात आणि समितीच्या कामकाजाविषयीच्या तक्रारी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे (म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडेच) करता येतात, एवढे मी वाचले आहे. म्हणून येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत, महिन्यातून निदान एक बैठक तालुक्याला व्हावी आणि गृहचौकशीही (मुलाच्या घरच्या परिस्थितीची पाहणी) त्याच सुमारास गावात येऊन पूर्ण व्हावी, असा ठराव मांडायचा आहे.

जाणकारांनी कृपया सांगावे, की हा ठराव थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा की जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत? कुणाच्या तालुक्यात अशी बैठक किंवा शिबिर भरत असेल, तर ते कोणाच्या आदेशाने सुरू झाले आणि त्याच दिवशी आदेश हातात मिळतात का? एखाद्या ग्रामसभेने असा ठराव केला असल्यास त्याचा मसुदा येथे दिलात तर फार उपकार होतील. दरम्यान आजीची पुढची तारीख सोमवारची आहे. या वेळी मी तिच्यासोबत जाणार आहे, तेव्हा कोणता कागद हमखास राहून जातो तेही कळवावे.