पोस्ट लोकांपर्यंत पोचावी म्हणून तुम्ही काय केलंत? अनुभव लिहा

आंबोळी

परवा भाचा बागेत कलमाखाली फोन लावून व्हिडिओ काढत होता. "आत्या, पहिले तीन सेकंद महत्त्वाचे. तेवढ्यात माणूस थांबला नाही तर गेला." ते ऐकलं आणि आमच्या पेजचे सुरुवातीचे दिवस आठवले, म्हणून हा धागा.

देवगडला आमची हापूसची कलमं आहेत. पूर्वी सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा, पट्टी (दलालाचा हिशोब) येईल ती खरी. थेट गिऱ्हाईक मिळावं म्हणून मी पेज काढलं. तेव्हा गवतात मांडलेल्या पेटीचा साधा फोटो टाकला तरी मुंबई-पुण्याहून फोन यायचे. पुढे तीच जुनी गिऱ्हाइकं विचारायला लागली, "यंदा आंबा नाही का? काही टाकलं नाहीत?" आम्ही तर मोसमभर टाकत होतो! त्यांना दिसतच नव्हतं. जीव ओतून लिहायचं आणि ते आपल्याच माणसांपर्यंत जायचं नाही, याचा मला फार त्रास व्हायचा.

चित्र पालटलं ते बाबांमुळे. ओटीवर बसून त्यांनी एक देखणा, पिवळाधमक आंबा कापला. आत बाठ्याजवळ पांढरट, पोकळ. "ह्यो साको. भायरसून कळणा नाय. आमच्या पेटीत गावलो तर फोटो धाडा, दुसरो आंबो देतंव." संगीत नाही, फोन हलतोय, मागे कोंबडा आरवतोय. लोकांनी तो व्हिडिओ एकमेकांना इतका पाठवला की नागपूरहून विचारणा आली. विकणारा स्वतःच फळातला दोष दाखवतोय हे कुणी पाहिलं नव्हतं, आणि पैसे मोजून साका घरी आणलेला प्रत्येक जण आहेच. माझं आता ठाम मत झालंय की लोक त्यांच्या कामाचं असेल ते पुढे पाठवतात, आपली जाहिरात नाही.

सल्ले नेटवर ढीगभर आहेत. तुमचं प्रत्यक्ष घडलेलं लिहा. विकायचं असो, नाटक असो, काहीही.

रेवती_ठाणे

रुमाल टाकून ठेवते. कुकर लावलाय, नंतर सविस्तर.

कळसूबाई

बाबांना नमस्कार सांगा!! पेट्या संपल्या का? पाच डझनी हवी होती, नाशिकला.

आंबोळी

@कळसूबाई, शेवटचा तोडा चालू आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सांगते.

दुरेघी

मी छोट्या दुकानदारांची पेजेस सांभाळते, त्यामुळे हा विषय रोजचा. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीरच केलं होतं की पेजेसपेक्षा मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट वर दाखवणार. इन्स्टाग्रामने त्याच्याही आधी, २०१६ मध्ये, वेळेनुसार लावलेला क्रम सोडला. फॉलो केलंय म्हणजे दिसणारच, हे दिवस तेव्हाच संपले. २०२५ च्या सुरुवातीला इन्स्टाचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी सांगितलं की किती वेळ पाहिलं, किती लाइक आले आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं, या तीन गोष्टींना जास्त वजन. त्यातही जे आपल्याला फॉलो करत नाहीत त्यांच्यापर्यंत जायचं तर 'पाठवणं' मोठं. तुमच्या बाबांचा व्हिडिओ का चालला ते यातच आलं.

आता माझ्याकडचा किस्सा. एक पैठणीवाले आले, येवल्याचे. आधी कुणाकडून तरी फॉलोअर विकत घेतलेले. आकडा डोळे दिपवणारा, आणि नव्या पदराच्या व्हिडिओवर मोजून घरच्यांचे लाइक. ते फॉलोअर पैठणी बघणारे नव्हतेच. पोस्ट आधी थोड्यांना दाखवली जाते, ते सरकून पुढे गेले की तिथेच थांबते. आम्ही नवं खातं उघडलं आणि एकच गोष्ट दाखवली: हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटा करून पाहिला तरी मोर तसाच दिसतो, यंत्रावरच्या साडीला मागे सुटे धागे असतात. बस. बायकांनी घरातल्या पैठण्या उलटून फोटो पाठवायला सुरुवात केली. त्यांच्या बहिणींना, जावांना, विहिणींना गेलं ते.

झिपरी

आत्ताच्या आत्ता आईची पैठणी कपाटातून काढली. मागून पण तसाच मोर!!! भरून आलं एकदम.

दुरेघी

@झिपरी, किती छान. मलमलीत गुंडाळून ठेवा, आणि अधूनमधून घडी बदला, नाहीतर जरीची तार घडीवर तुटते.

गिरणाकाठ

माझ्या मेव्हण्याचं लिहितो. तो शेती करतो, टिकटॉकवर अहिराणीत शेतातले विनोद टाकायचा. आख्खं खानदेश बघायचं. २९ जून २०२० ला बंदी आली, सगळं एका रात्रीत गेलं. सगळे व्हिडिओ तिथेच होते. दोन दिवस जेवला नाही हो नीट. जुलैत इन्स्टाचे रील्स आले, सप्टेंबरात यूट्यूब शॉर्ट्स, पण फॉलोअर शून्यापासून. सगळे सांगत होते की आता मराठीत कर, हिंदीत कर, जास्त लोक बघतील. त्याने अहिराणी सोडली नाही. आणि झालं असं की सुरतेला कामाला गेलेल्या खानदेशी लोकांना ते सापडलं. कारखान्यातून सुटल्यावर रात्री बघतात, गावाकडे पाठवतात, गावचे परत त्यांना पाठवतात. आपल्या बोलीचा माणूस दूर असला की तो जास्त शोधतो. आता प्रत्येक व्हिडिओ तो स्वतःच्या पेनड्राइव्हवर पण ठेवतो.

मोगरी

@गिरणाकाठ, मेव्हण्यांना मानलं. चॅनलचं नाव व्यनित द्या ना, सासरे धुळ्याचे आहेत, खूश होतील.

तानपुरा

गिरणाकाठ, यूट्यूबवर असतील तर त्यांना सांगा: जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सदस्य आणि वर्षभरात ४००० तास पाहिलं जाणं लागतं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्स एक कोटी वेळा पाहिले जाणं), आणि शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेले तास त्यात धरत नाहीत. म्हणून लांब व्हिडिओ पण असलेले बरे. माझ्या काकांचे पेटीचे धडे आहेत, त्यांचं यावरच अडलं होतं.

कळसूबाई

पेटी म्हणजे आंब्याची की वाजवायची 😄

तानपुरा

वाजवायची! पण आंब्याचीही चालेल.

निशिगंधा

माझा अनुभव विक्रीचा नाही. मामांचं ऑपरेशन होतं, बी निगेटिव्ह रक्त हवं होतं. भावाने घाईत लिहिलं, 'तातडीने रक्त हवे, कृपया शेअर करा'. ते खूप फिरलं, पण कुणी आलं नाही, कारण कुठल्या गावात, कुठल्या दवाखान्यात, कधीपर्यंत, काहीच कळत नव्हतं. मग मी नवीन लिहिलं: रक्तगट, गाव, दवाखान्याचं नाव, तारीख, किती वाजेपर्यंत, आणि एकाच माणसाचा नंबर. ते खूप कमी लोकांनी पाहिलं. त्यातले तिघे आले. एक जण रिक्षा चालवतात, गाडी लावून थेट वर आले. त्यांनी आमच्याकडून चहासुद्धा घेतला नाही.

काम झाल्यावर त्या पोस्टमध्ये वरच 'गरज पूर्ण झाली' असं लिहिलं. भावाची जुनी पोस्ट मात्र अजून फिरते, अजून फोन येतात. हात जोडून विनंती, रक्ताची किंवा हरवलेल्या माणसाची पोस्ट टाकाल तर तारीख टाकाच, आणि पुढे पाठवण्याआधी ती तारीख बघा. लाखोंनी पाहून उपयोग नसतो, त्या गावातल्या चौघांनी पाहावी लागते.

आंबोळी

@निशिगंधा, मामा कसे आहेत आता?

निशिगंधा

एकदम ठणठणीत. सकाळी फिरायला जातात, बागेत सगळ्यांना पथ्यं सांगतात.

आप्पा_सांगली

आमच्या पिढीचं सगळं व्हॉट्सॲपवर. २०१८ पासून एका वेळी पाच जणांनाच पुढे पाठवता येतं, आणि जे आधीच खूप फिरलंय ते २०२० पासून एकालाच. त्यावर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात फार तक्रार होती. माझं मत वेगळं आहे. कृष्णेचं पाणी वाढतं तेव्हा आयर्विन पुलाजवळच्या पातळीचा जुना फोटो दर पावसाळ्यात कुणीतरी नवीन म्हणून पाठवतं आणि म्हाताऱ्या माणसांची झोप उडते. हे कमी झालेलं बरं. आम्ही काय केलं, तर एका निवृत्त मास्तरांना नेमलं. रोज ठरलेल्या वेळी पातळी, तारीख आणि वेळ ते स्वतः लिहून टाकतात. गल्लीतले सगळे त्यांचं स्टेटस उघडून बघतात, पुढे पाठवावंच लागत नाही. रोज एकाच वेळी आणि खरं, एवढंच.

सुरंगी

फोंड्याहून. आमच्याकडे जत्रेची, नाटकाची पत्रिका फोटो काढून टाकतात. जांबावलीच्या गुलालोत्सवाला आमच्या नात्यातली माणसं मुंबईहून येतात, दर वर्षी विचारतात तारीख कधी. सगळं त्या पत्रिकेच्या चित्रात असतं, पण चित्रातलं शोधून सापडत नाही ना! मी आता गावाचं नाव, देवळाचं नाव, तारीख खाली टाइप करते, देवनागरीत आणि रोमीतपण (इंग्रजी अक्षरांत). पुढच्या वेळेपासून लोक शोधून येऊ लागले. आणि डीटीपीवाल्याकडचा जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवू नका, भलतीच अक्षरं उमटतात.

झिपरी

अवांतर: सुरंगी हा आयडी किती गोड आहे. आजीच्या परसात झाड होतं.

सुरंगी

देव बरें करूं 🙏 आमच्या दारात अजून आहे. मार्चात ये.

विंगेतून

हौशी नाटकवाले हजर. पुण्यात सुदर्शन रंगमंचला आमचा प्रयोग होता. पोस्टर टाकलं, कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग तालमीतला एक तुकडा टाकला: नायिका वाक्य अर्धं सोडून रडते, आणि दिग्दर्शक म्हणतो, "आता हेच वाक्य भाजी निवडताना म्हण." ती मेथी निवडत म्हणते आणि अंगावर काटा येतो. पोस्ट टाकताना सगळ्या नटांना कोलॅबमध्ये घेतलं. ती सोय इन्स्टावर २०२१ पासून आहे, म्हणजे एकच पोस्ट प्रत्येकाच्या खात्यावर दिसते. प्रकाशयोजनेवाल्या मुलाचे पाहणारे आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त निघाले. तिकीट खिडकीवर लोक विचारत होते, "तो मेथीचा सीन यातच आहे ना?"

सिॲटलकर

+१ मेथीला. मुलगी इथेच जन्मली, मराठी बोलते पण वाचता येत नाही. तुम्ही बनवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती, खाली मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी द्या. इथे बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, बसमध्ये, ऑफिसात. आमच्या मंडळाच्या गणपतीच्या व्हिडिओंना ओळी जोडल्या तेव्हापासून मुलं ते आपल्या अमेरिकन मित्रांना पाठवतात. आणि भारतात रात्री नऊला टाकलेलं आमच्याकडे सकाळी दिसतं, तीच वेळ चांगली.

मोगरी

कुणी गाण्याचं सांगा ना. माझ्या चकलीच्या व्हिडिओला सगळे लावतात ते गाणं लागतच नाहीये.

दुरेघी

@मोगरी, तुमचं खातं व्यवसायाचं आहे का? त्यांना चित्रपटातली बरीच गाणी मिळत नाहीत, हक्कांचा प्रश्न असतो. चकली तळताना तेलाचा आवाज येतो तोच ठेवा. मोडताना 'कट्' होतं ते फोन जवळ नेऊन घ्या.

मोगरी

अगं हो!! आज रात्रीच करते. भाजणी ताजीच आहे.

रेवती_ठाणे

आले, जेवणं उरकली. आम्ही सोसायटीच्या जुन्या क्लबरूममध्ये मुलांसाठी शनिवारचं वाचनालय चालवतो. 'आज नवीन पुस्तकं आली' असं टाकायचो, कुणी येत नव्हतं. आता एखादं मूल पुस्तकातली एक गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतं आणि शेवट सांगत नाही. चेहरा दाखवत नाही, फक्त आवाज आणि पुस्तकावरचे हात. आईबाबांना आधी विचारतो. शेजारच्या दोन सोसायट्यांमधून मुलं शेवट विचारायला येतात आणि पुस्तक घेऊनच जातात. खूप लोक नाही बघत, पण बघतात ते जिना चढून येतात.

विंगेतून

रेवती, ठाण्यात कुठे? भाची घोडबंदर रोडला राहते, सात वर्षांची, गोष्टींसाठी वेडी आहे.

रेवती_ठाणे

जवळच आहोत! पत्ता व्यनि केलाय. शनिवारी पाचला आण. फी नाही, घरातलं एक वाचून झालेलं पुस्तक आणलं तर उत्तम.