खालची दाढ काढली, इम्प्लांट करावं का राहू द्यावं?

लातूरकर: खालची दाढ काढली, शेवटून दुसरी. डॉक्टर इम्प्लांट करा म्हणायलेत, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर नकली दाढ, पण खर्च लै सांगायलेत. दुसऱ्या बाजूनं चावायलोय, भाकरी जाते. वय ४६, शुगर हाय. काय करावं?

परभणीचा पाव्हणा: भाऊ, अगदी शेवटची असती तर राहू द्या म्हणलं असतं, पण ही मधली हाय, मागची दाढ रिकाम्या जागेत कलती अन् वरच्या दाढेला खाली टेकायला काही नसलं की ती हळूहळू उतरती, मग अन्न अडकतं, किडतं. उद्याच करा असं नाही पण लै वर्षं ठेवू नका, तिथलं हाड झिजतं, मग हाड भरायचा खर्च वेगळाच.

बीडची मावशी: मी ब्रिज केला, म्हणजे शेजारच्या दोन दाढांवर टेकवून मधी नकली दाढ, लवकर झालं अन् स्वस्तातबी. पण दोन्हीकडच्या धडधाकट दाढा घासाव्या लागल्या, ते काही मला पटलं नाही.

नांदेडकर: आधी शुगर आटोक्यात आणा, तंबाखू असंल तर सोडा, नाहीतर स्क्रू हाडात नीट धरत नाही. धरायलाच ३ ते ६ महिने जातात. संभाजीनगरच्या सरकारी डेंटल कॉलेजात एकदा दाखवून घ्या.

लातूरकर: साध्या एक्सरेवर भागतं का?

नांदेडकर: खालच्या जबड्यात नस असते, स्क्रू तिला लागू नये म्हणून थ्रीडी स्कॅनच करा.