बारा तासांची पाळी मोडली तर कापड खरंच कमी निघेल का?

आडवा_धागा:
सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातले रोजचे तास ९ वरून १२ पर्यंत न्यायला मंजुरी दिली तेव्हा टीव्हीवर केवढा गदारोळ झाला. मला हसू आलं, कारण आमच्या इचलकरंजीत बारा तासांची पाळी कधीपासून चालूच आहे, दिवसपाळीला एक गडी, रातपाळीला दुसरा, माग चोवीस तास धडधडतोय.

मामांची शेड आहे, साध्या मागांची, धोट्याची. मागच्या मे महिन्यात आठ दिवस तिथं वही घेऊन बसलो आणि माग कशानं थांबतो ते लिहीत गेलो. ताणा (उभा धागा) तुटला. कांडी (धोट्यातली आडव्या धाग्याची गुंडाळी) संपली पण गडी पलीकडच्या मागावर. जॉबर (माग दुरुस्त करणारा) दुसऱ्याच्या शेडवर गेलाय, तो येईपर्यंत माग गप्प. बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) संपलं, दुसरं अजून सायझिंगमधून, म्हणजे ताण्याला खळ लावतात तिथून, आलंच नाही. यातली निम्मी कारणं कामगाराच्या हातातली नाहीत आणि उरलेली त्याला थकवा आला की वाढतात, पहाटे तीननंतर माझ्या वहीची पानं पटापटा भरायची. वर पत्रा, खाली चाळीसच्या आसपास गरम, आणि आवाज एवढा की बोलायचं तर कानात ओरडायचं.

माझं म्हणणं, आपण तास मोजतो आणि त्यालाच उत्पादन समजतो. आठ तासांच्या तीन पाळ्या करा, जॉबर शेडवरच ठेवा, छताला हवा खेळती करा, कापड तेवढंच निघेल, कदाचित जास्तच. कुणाला काय वाटतं?

खर्चीवाला_५२पीक:
भावा, आठ दिवस वही घेऊन बसलास, आम्ही तीस वर्षं बसलोय. चल, आता गणितच करू.

साधा माग मिनिटाला धर १४० पीक, म्हणजे १४० आडवे धागे. इंचाला ५२ पीकचं कापड म्हणजे मीटरला दोन हजार सत्तेचाळीसच्या आसपास पीक, म्हणजे न थांबता चालला तरी मीटरला साडेचौदा मिनिटं. थांबत थांबत ७० टक्के चालला असं धरलं तर बारा तासांत मागामागे ३४-३५ मीटर. आता तुझी आठ तासांची पाळी. तुझ्या सुधारणा करून ८० टक्के झाला धर, तर २६ मीटर. गडी मीटरवर पगार घेतो ना? मग त्याची मजुरी जवळजवळ चौथ्या हिश्श्यानं पडली. बारा तासांची कमाई आठ तासांत करायला मागाला १०५ टक्के चालावं लागतंय, तेवढा चालणारा माग अजून जन्माला आला नाही.

ही तूट कोण भरणार? मी? सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, माझ्या हातात पिकावर ठरलेली मजुरी, त्यातनंच वीजबिल, कामगार, कांडी, जॉबर. तू म्हणतोस कापड जास्त निघेल. मंदीत बीमच मिळत नाही, माग बंद ठेवायची पाळी येते, तिथं जास्तीचं कापड घेऊन काय करू?

चाकणकर_मेंटेनन्स:
गणित बरोबर आहे पण अर्धंच सांगितलंत मालक. माग चोवीस तास चालतो. ७० चे ८० झाले की तोच माग दिवसाला ६९ ऐवजी ७९ मीटर देतो, शेड तीच, बँकेचा हप्ता तोच. त्या दहा मीटरमधलं गड्याला किती जायला पाहिजे हे बोला ना, नुसतं त्याचं नुकसान दाखवून थांबू नका.

आणि हे हवेतलं नाही. स्टॅनफर्ड आणि वर्ल्ड बँकेच्या अर्थशास्त्रज्ञांनी तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत प्रयोग केला होता. मशीन कशानं थांबलं, कापडात डाग कुठं पडला याची रोज नोंद, ठरल्या वेळी मेंटेनन्स, सुताच्या साठ्याला लेबल, खाली पडलेला कचरा उचलणं. म्हणजे आडव्या धाग्याची वहीच. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली. आमच्याकडे ब्रेकडाऊनचं रजिस्टर नसेल तर सुपरवायझर घरी जाऊ शकत नाही, तुमच्याकडे जॉबरच्या डोक्यात सगळं आणि तो शेजारच्या शेडवर.

खर्चीवाला_५२पीक:
ते शे-दोनशेच्या वर माणसं असलेले कारखाने ओ साहेब. माझे सोळा माग आहेत. सोळा मागांना पगारी जॉबर आणि सुपरवायझर ठेवला तर मीच कांडी भरायला बसायला पाहिजे.

रेशीमगाठ_कोल्हापूर:
कांडी भरायला बसा की मालक, बघा तरी कसं असतं ते :)

माझी आई बावीस वर्षं कांडी भरत होती. सगळा धागा गड्यावर चाललाय, कांडीवालीचं कुणी नावच घेत नाही. तिची मजुरी कांडीवर, बाथरूमला गेलं तरी पैसे कमी, म्हणून पाणीच प्यायची नाही. आता घरात टीव्ही मोठ्यानं लागतो कारण तिला ऐकूच येत नाही. कारखान्यात ९० डेसिबलची मर्यादा आहे ती आठ तासांसाठी, बारा तासांना ती कशी पुरायची? ह्याचा खर्च तुमच्या पिकाच्या हिशोबात कुठं दिसतो सांगा.

भिवंडी_रातपाळी:
ताई, तुमच्या आईबद्दल वाईट वाटलं. पण मी भिवंडीत मुकादमाचं काम केलंय, गड्यांचं मत कुणी विचारलंच नाही. यूपी-बिहार, ओडिशातनं आलेला माणूस, खोलीत दहा जण, पाळीपाळीनं झोपतात. त्याला आठ तास दिले तर उरलेल्या चार तासांत करणार काय? तो म्हणतो माग द्या अजून दोन, गावाकडं पैसे पाठवायचेत. आठ तास केलेत तर संध्याकाळी दुसऱ्याच्या शेडवर जाऊन उभा राहील, पैज लावा.

आडवा_धागा:
दर वाढला तरी जाईल? बारा तासांचा पगार आठ तासांत मिळत असेल तर दहातले काही तरी झोपतील की नाही.

जुना_गिरणगाव:
एक जुनी गोष्ट. १९२८ च्या मुंबईतल्या गिरण्यांच्या सहा महिन्यांच्या संपामागं मोठं कारण हेच होतं, विणकराला दोनाऐवजी तीन माग सांभाळायला लावायचे आणि त्याला 'एफिशियन्सी' म्हणायचं. लोक पेटले कारण वाढलेल्या कामातून आपल्या पदरात काय पडणार आणि किती जण घरी बसणार ते त्यांना दिसत होतं. आज आठ माग सांभाळणाऱ्याला तो शब्द सांगितलात तर तो आधी विचारणार, माग वाढवताय की माणूस काढताय? म्हणून वही घेऊन कुणी शेडवर आलं की गडी गप्प होतो, हे आडवा धाग्यानं पण बघितलं असेल.

आडवा_धागा:
बघितलं. दोन दिवस कुणी बोलेना, मामांचा हेर समजत होते :)

पुणेकर_कायदा:
एक दुरुस्ती, मूळ पोस्ट थोडी दिशाभूल करते. रोजचे १२ तास म्हणजे आठवड्याला ७२ नव्हे. आठवड्याची ४८ ची मर्यादा तशीच आहे, त्यापुढं ओव्हरटाईम, तोही दुप्पट दराने आणि कामगाराची लेखी संमती घेऊन. टीका करा पण कायदा वाचून.

रेशीमगाठ_कोल्हापूर:
कायदा कुणाला लागू होतो ते पण सांगा की सर. वीज वापरणारा कारखाना असेल तर नव्या कामगार कायद्यात (कोडमध्ये) २० माणसांची अट आहे. इथं एका छताखाली तीन भावांच्या नावावर तीन कारखाने असतात, प्रत्येकात पाच-सहा माणसं. आणि मीटरवर पगार घेणाऱ्याचा ओव्हरटाईम आजपर्यंत कुणी मोजलेला मी तरी ऐकला नाही. संमती तर काय, उचल घेतली तेव्हाच दिलेली असते.

खर्चीवाला_५२पीक:
तीन नावांचं खरं आहे, नाही म्हणत नाही.

पण मग व्यापाऱ्यालाही धाग्यात ओढा, सगळे माझ्याच मानगुटीवर बसलात. पिकाला दोन पैसे वाढवून द्या म्हटलं तर म्हणतो भिवंडीत स्वस्त मिळतंय. मी गड्याला वाढवून दिलं आणि शेजाऱ्यानं नाही दिलं की माझी बीमं त्याच्याकडं. गावानं एकदम दर वाढवला तरच जमतंय, एकट्याच्या शेडवर नाही.

चाकणकर_मेंटेनन्स:
हे मात्र पटलं. पण जॉबरचं एकट्यानंही जमेल. चार शेजाऱ्यांनी मिळून एक जॉबर पगारावर ठेवा, चौसष्ट माग होतात, त्याला रोज वही लिहायला लावा. तासांचं नंतर भांडू.

खर्चीवाला_५२पीक:
चार मागवाले एकत्र? साहेब, आम्ही दोघं सख्खे भाऊ आहोत, आमच्या दोन शेडमध्ये भिंत घातलीय.

आडव्या धाग्या, ती वही आहे का अजून? फोटो टाक तीननंतरच्या पानांचे. मला कळू दे ताणा जास्त तुटतोय का गडी झोपतोय, कारण ताणा असेल तर सायझिंगवाल्याला धरतो उद्याच.